डोळ्यांवरचा डबा आणि सामान्यांचा खिसा

धुळ्याची एकवीरादेवीची यात्रा घ्या, अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात भरणारी सखाराम महाराजांची यात्रा घ्या, नाहीतर सारंगखेड्याचा घोड्यांचा बाजार घ्या. खानदेशी माणूस यात्रेला जातो तो देवदर्शनासाठी आणि खरेदीसाठी तर खराच. पण काहीतरी नवे पाहावे म्हणूनही जातो. उंच पाळणा, मौत का कुआँ, जादूगाराचा तंबू आणि पूर्वीच्या काळी बायोस्कोपचा डबा ही त्या पाहण्याची ठिकाणे. डब्याच्या भिंगाला डोळा लावून आग्र्याचा ताजमहाल पाहून झाला, की बाहेर खोळंबलेला सोबती पहिला प्रश्न विचारणार तो हा : "पैसा वसूल व्हयना का?" करमणुकीच्या व्यवहारात याहून प्रामाणिक प्रश्न नाही. समीक्षेच्या तासाला तो कोणी विचारीत नाही हे खरे; पण तिकीट काढणारा प्रत्येक माणूस तो मनातल्या मनात विचारीतच असतो.

तो डबा आता जत्रेच्या कोपऱ्यातून उठून थेट माणसाच्या डोळ्यांवर येऊन बसला आहे. त्याचे नाव व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी; आपण त्याला आभासी वास्तव म्हणू. मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये तो आहे, आणि हल्ली आनंदमेळ्यांतही 'नाइन-डी' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेली हलणारी खुर्ची दिसू लागली आहे. कॉलेजच्या कट्ट्यावर त्याची चर्चा होते ती दोनच सुरांत. एक सूर म्हणतो, "यापुढे खेळ असेच असणार, आपण मागे राहून चालणार नाही." दुसरा म्हणतो, "श्रीमंतांची थेरं, दुसरं काय!" दोन्ही सूर मोठे आहेत, पण हिशेब कोणीच मांडीत नाही. सामान्य खेळाडूला, म्हणजे ज्याच्या खिशात दहा-बारा हजारांचा मोबाइल आहे आणि ज्याच्या घरचे वर्षाचे अंदाजपत्रक कापसावर, केळीवर किंवा महिन्याच्या पगारावर उभे आहे अशाला, हा खेळ परवडतो का आणि परवडला तरी तो त्या किमतीचा आहे का, याचा हिशेब मांडण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

प्रथम हे यंत्र आहे तरी काय ते पाहू. त्यामागचे तत्त्व नवे नाही. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटरांचे अंतर असते. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला वस्तू किंचित वेगळी दिसते आणि मेंदू त्या दोन चित्रांवरून खोली ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली हे दाखवून दिले आणि दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दाखवणारे स्टीरिओस्कोप हे उपकरण पुढे आणले. आजच्या डब्यात भर पडली आहे ती दोन गोष्टींची. मान वळवली की चित्रही वळते, आणि हात हलवला की आतल्या जगातील हातही हलतो. हे सारे सेकंदाला सत्तर, नव्वद किंवा त्याहूनही अधिक चित्रे बदलून होत असल्यामुळे मेंदूला फसण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

या फसण्यात जे सुख आहे ते नाकारण्यात अर्थ नाही. आभासी कड्याच्या टोकावर उभ्या राहिलेल्या माणसाला पायाखाली फरशी आहे हे पक्के ठाऊक असते. तरीही त्याचे गुडघे थरथरतात. २०१८ साली आलेल्या 'बीट सेबर' या खेळात संगीताच्या ठेक्यावर समोरून येणारे ठोकळे हातातल्या प्रकाशाच्या तलवारीने छेदायचे असतात. दहा मिनिटांत अंग घामाने भिजते. हैदराबादच्या प्रोयुगा या कंपनीने 'आयबी क्रिकेट' नावाचा खेळ केला. त्यात हातात बॅटसारखे साधन धरून अंगावर येणारा चेंडू खेळायचा असतो. मोबाइलच्या पडद्यावर दोन अंगठ्यांनी खेळणे आणि असे सगळ्या अंगाने खेळणे यांत फरक आहे, आणि तो जाहिरातीतला नाही, खरा आहे. ज्याने हे यंत्र एकदाही डोळ्यांवर चढवलेले नाही त्याने "त्यात काय एवढे" असे म्हणू नये.

आता किमतीकडे वळू. मेटा कंपनीचा 'क्वेस्ट ३' हा हेडसेट ऑक्टोबर २०२३ मध्ये बाजारात आला तो ४९९ डॉलरला. डॉलर ८५ रुपये धरला तर ही रक्कम ४२,००० रुपयांच्या वर जाते. जकात, वाहतूक आणि मधल्या विक्रेत्याचा नफा वेगळा. त्याचा स्वस्त भाऊ 'क्वेस्ट ३ एस' ऑक्टोबर २०२४ मध्ये २९९ डॉलरला आला, म्हणजे तोही पंचवीस हजारांच्या घरात. सोनीच्या 'प्लेस्टेशन व्हीआर २' ची भारतातील किंमत आली तेव्हा ५७,९९० रुपये होती. आणि तो एकटा चालत नाही, त्याला प्लेस्टेशन ५ लागतो, ज्याची किंमत २०२१ साली भारतात आला तेव्हाच ४९,९९० रुपये होती. दोन्ही मिळून लाखाच्या वर.

हे आकडे रुपयांत ऐकले की नुसते कानावरून जातात. आपल्या मुलखात पैसा क्विंटलमध्ये मोजायची रीत आहे, तेव्हा तसा मोजू. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. या भावाने क्वेस्ट ३ म्हणजे सव्वापाच क्विंटल कापूस झाला. सोनीची जोडी म्हणजे तेरा क्विंटल. कोरडवाहू जमिनीत एकरी चार-पाच क्विंटल कापूस निघाला तरी शेतकरी देवाला नारळ फोडतो. म्हणजे एका डब्याखाली एक एकराचे सबंध पीक जाते. त्यात बियाणे, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी आपण वजा केलेलीच नाही. बोंडअळीतून आणि अवकाळी पावसातून वाचलेला तो कापूस कोणाच्या तरी फीचा, कोणाच्या तरी औषधाचा किंवा बहिणीच्या लग्नाचा असतो, हे येथे वेगळे सांगायला नको.

बरे, यंत्र घेतले म्हणजे खर्च संपला असेही नाही. एकेक चांगला खेळ वीस ते चाळीस डॉलरला, म्हणजे सतराशे ते साडेतीन हजार रुपयांना मिळतो. घरी वायफाय हवे. कित्येक वर्षे क्वेस्ट हेडसेट भारतात अधिकृतपणे विकलाच जात नव्हता. परदेशातील नातेवाइकाकडून तो मागवावा किंवा जादा दराने खाजगी विक्रेत्याकडून घ्यावा लागे. अशा मार्गाने आलेले यंत्र बिघडले तर ते दुरुस्तीला कोठे न्यायचे, हा प्रश्न घेतानाच विचारलेला बरा.

आणखी एक किंमत अशी आहे, की ती पावतीवर छापलेली नसते. उभे राहून खेळायचे असेल तर साधारण दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद एवढी मोकळी जागा लागते. ज्या घरात दिवसा बैठक आणि रात्री झोपायची जागा एकच, जिथे पलंग, कपाट, टीव्ही आणि शिलाईचे यंत्र एका खोलीत दाटीवाटीने नांदतात, तेथे ही दोन मीटर जागा आणायची कोठून? खेळणाऱ्याला बाहेरचे काही दिसत नाही. त्याचा हात ट्यूबलाइटला लागेल, कपाटाच्या आरशाला लागेल किंवा रांगत आलेल्या भाच्याला लागेल. त्यातून आपला उन्हाळा! मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत अर्धा किलोचे यंत्र पट्ट्याने डोक्याला आवळून, डोळ्यांभोवती फोमची गादी दाबून नाचायचे म्हणजे खेळ कमी आणि तपश्चर्या अधिक.

मळमळीचा प्रश्न तर आहेच. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना एस.टी.त पुस्तक वाचणाऱ्याला जे होते, तेच येथे उलट्या रीतीने होते. एस.टी.त शरीराला हलल्याचे कळते आणि पुस्तकावरच्या डोळ्यांना कळत नाही. येथे डोळ्यांना वाटते आपण धावतो आहोत आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण जागच्या जागीच आहोत. दोघांचे भांडण होते आणि शिक्षा पोटाला भोगावी लागते. सरावाने काहींचा त्रास कमी होतो, काहींचा होत नाही. आपल्याला तो होतो की नाही, हे चाळीस हजार मोजल्यानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले चांगले. लहान मुलांच्या बाबतीत तर मेटाने दहा आणि सोनीने बारा वर्षांखालील मुलांना हे यंत्र देऊ नये असेच सांगितले आहे.

यंत्राच्या आयुष्याचाही विचार करावा. गूगलने २०१४ साली पुठ्ठ्याचा 'कार्डबोर्ड' आणला आणि २०२१ साली त्याची विक्री थांबवली. त्याच कंपनीचा 'डेड्रीम' २०१९ मध्ये बंद पडला. पहिला 'क्वेस्ट' मे २०१९ मध्ये निघाला आणि जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केले की त्याच्यासाठी नव्या सुविधा येणार नाहीत. म्हणजे चार वर्षांत वानप्रस्थ! घरातला कॅरम बोर्ड मात्र बापाने घेतलेला मुलाला पुरतो. पावडर भुरभुरली की झाला तयार. त्याला कोणत्या परदेशी कंपनीची परवानगी लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, महागडा डबा सोडा, स्वस्तातला घ्या. जिओने एप्रिल २०२३ मध्ये आयपीएलचे सामने पाहण्यासाठी 'जिओडाइव्ह' नावाचा डबा १,२९९ रुपयांना आणला होता. अशा डब्यात आपलाच मोबाइल सरकवायचा असतो. डबा म्हणजे फक्त दोन भिंगे आणि पट्टा. सामने किंवा चित्रफिती पाहायला ते ठीक आहे. पण खेळायचे म्हटले की त्याची मर्यादा उघडी पडते. मान फिरवलेली त्याला कळते, परंतु एक पाऊल पुढे टाकलेले कळत नाही. हात तर त्याच्या लेखी नसतातच. शिवाय मान फिरवलेली कळण्यासाठी मोबाइलमध्ये जायरोस्कोप हा भाग लागतो, आणि स्वस्त मोबाइलमध्ये नेमका तोच वगळलेला असतो. तेव्हा महाग डबा खिशाला मारतो आणि स्वस्त डबा उत्साहाला मारतो. हजार-बाराशे रुपये घालवून "व्हीआर म्हणजे एवढेच का?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी आभासी वास्तव पाहिलेलेच नसते. त्यांनी त्याचा आभास पाहिलेला असतो.

एवढे सगळे वाचल्यावर निकाल सोपा वाटेल : मोबाइलवरचे फुकटचे खेळ बरे! पण येथे जरा थांबावे. फुकट म्हणवणारे खेळ खरोखर फुकट आहेत का? २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजीवर बंदी घातली तेव्हा खेड्यापाड्यांतील मुलांनी सुतक पाळल्यासारखे तोंड केले होते. त्या खेळाने दारात पैसे मागितले नव्हते. आत गेल्यावर कपड्यांचे, बंदुकांच्या रंगाचे आणि मिरवण्याचे पैसे मागितले. रमीसारख्या पैशांवरच्या खेळांनी तर किती घरांत कर्ज शिरवले याच्या कथा प्रत्येक तालुक्यात ऐकू येतात. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. त्या मानाने हा डोळ्यांवरचा डबा पुष्कळच सरळ आहे. तो आपली किंमत दारावरच सांगतो, आणि दोन तासांत त्याची बॅटरी संपते. रात्रीचे तीन वाजेपर्यंत पांघरुणात लपून तो खेळता येत नाही, हा त्याचा दोष म्हणावा की गुण, ते ज्याचे त्याने ठरवावे.

तेव्हा प्रश्न केवळ महाग की स्वस्त एवढ्यावर सुटत नाही. तो सोडवायचा तर एक वेगळा प्रश्न विचारावा लागेल : हा डबा कोणाच्या मालकीचा असावा? आणि या प्रश्नाचे उत्तर आपल्याच इतिहासात सापडते.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास 'शांभरिक खरोलिका' या भारदस्त नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. काचेवर रंगवलेली पौराणिक चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर हलू लागली की प्रेक्षक थक्क होत. तो दिवा प्रेक्षकांनी विकत घ्यावा असे कोणाच्या मनातही आले नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला, त्याचे तिकीट एक रुपया होते. त्या काळी हा रुपया साहेबाच्या आणि शेठजींच्याच खिशात असायचा. परंतु थोड्याच दिवसांत हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि चार आण्यांचे तिकीट निघाले. सिनेमा सर्वसामान्यांचा झाला तो सिनेमाचे यंत्र स्वस्त झाले म्हणून नव्हे. ते महागच राहिले. स्वस्त झाली ती त्याच्यासमोरची जागा.

पुढे टुरिंग टॉकीज आली. तिने कापडी कनातीत, वाळूवर बसवून, आपल्या मागच्या पिढ्यांना सिनेमा दाखवला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढे टीव्ही खेड्यांत पोचला तोही असाच. १९८७ साली रामायण मालिका सुरू झाली तेव्हा गल्लीत एखादाच संच असे आणि रविवारी सकाळी त्या घराच्या ओसरीवर गाव लोटे. व्हिडिओ आला तो भाड्याने आला. इंटरनेट आले ते तासाला वीस-पंचवीस रुपये घेणाऱ्या सायबर कॅफेत आले, आणि बारावीचा निकाल आपल्या थोरल्या भावंडांनी तेथेच पाहिला. पाहण्याचे प्रत्येक नवे यंत्र आपल्याकडे आधी सामायिक म्हणून आले. ज्यांनी ते पहिल्याच दिवशी घरात आणले त्यांनी हौसेची किंमत मोजली. ज्यांनी ते चारचौघांत पाहिले त्यांनी फक्त पाहण्याची मोजली.

हाच न्याय या डब्याला लावून पाहू. समजा, एका विद्यार्थ्याने हप्त्यांवर हेडसेट आणि चार खेळ मिळून पन्नास हजारांची खरेदी केली. पहिले दोन महिने तो रोज अर्धा तास खेळेल. त्यानंतर नवलाई ओसरून आठवड्याला एक तास. तीन वर्षांत हे खेळणे १७० तासांच्या आसपास भरेल. म्हणजे तासाला जवळजवळ तीनशे रुपये पडले. नवलाई ओसरते ही केवळ कल्पना नव्हे. २०२३ मध्ये खुद्द मेटा कंपनीच्या अंतर्गत बैठकीतील माहिती बाहेर आली, तीत नंतर आलेले ग्राहक पहिल्या ग्राहकांइतके टिकून खेळत नाहीत, अशी कबुली होती. यंत्रे दोन कोटींच्या घरात खपली, पण त्यांतली किती कपाटात पडून आहेत हा त्या कंपनीपुढचाही प्रश्न आहे. या विभागात तिला २०२४ या एका वर्षात १७ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. विकणाऱ्याला अजून जो बाजार नीट सापडलेला नाही, तो आपण कर्ज काढून उभारून देण्याचे कारण नाही.

आता तोच हेडसेट एखाद्या महाविद्यालयाच्या जिमखान्याने घेतला असे समजा. तुटफूट, जादा पट्टे आणि चेहऱ्यावरच्या गाद्या धरून खर्च साठ हजार धरू. सकाळी दोन तास, मध्ये बॅटरी भरायला अवधी, दुपारी दोन तास, असा दिवसाला चार तास वापर. वर्षाचे १८० दिवस आणि तीन वर्षे. एकूण २,१६० तास झाले. तासाला अठ्ठावीस रुपये, आणि पंधरा मिनिटांच्या एका पाळीला सात. कॅन्टीनमधल्या चहापेक्षा ही पाळी स्वस्त पडते. अशा साडेआठ हजारांवर पाळ्या होतात. ज्याला मळमळते तो सात रुपयांत शहाणा होऊन बाहेर पडेल; ज्याला आवडते तो पुन्हा रांगेत उभा राहील. यंत्र तेच, खेळ तेच. बदलली ती फक्त मालकी.

या सूचनेवर आक्षेप येतील हे उघड आहे. पहिला आक्षेप स्वच्छतेचा. एकाच्या घामाची गादी दुसऱ्याच्या डोळ्यांवर नको हे बरोबरच आहे. त्याला पुसता येणारे आवरण आणि प्रत्येक पाळीनंतर पुसण्याची शिस्त हा उपाय आहे. दुसरा आक्षेप असा, की ग्रंथालयात पुस्तकांना पैसे नाहीत आणि हे डबे कसले घेता? हा आक्षेप जड आहे. त्याचे उत्तर असे, की पैसा ग्रंथालयाच्या अनुदानातून नव्हे, जिमखान्याच्या फीतून यावा आणि पाळीचे सात रुपये घेऊन तो परत मिळवावा. जे महाविद्यालय हे करू शकत नाही त्याने खुशाल व्हॉलीबॉलची नवी जाळी घ्यावी. तीही वाईट खरेदी नाही.

तिसरा आक्षेप एकलकोंडेपणाचा आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सह्याद्रीच्या आदिवासी पट्ट्यात भवाड्याची परंपरा आहे. तेथे लाकडी मुखवटा घालून नाचणारा एक असतो आणि पाहणारे शेकडो. हा नवा मुखवटा नेमका उलटा आहे : घालणारा तोच आणि पाहणाराही तोच. शेजारी बसलेल्या बहिणीला, आईला, मित्राला तो काय पाहतो आहे हे कळतच नाही. घरातल्या एका कोपऱ्यात एकजण हातवारे करतो आणि बाकीचे घर त्याला वळसा घालून जाते. पण या दोषालाही सामायिक खोलीतच उतारा आहे. खेळणाऱ्याला आत दिसणारे चित्र टीव्हीच्या पडद्यावर आणता येते. मग बाहेरचे दहाजण ओरडू लागतात, "डावीकडे बघ, डावीकडे!" आणि मुखवट्याभोवती पुन्हा भवाडा उभा राहतो. एकट्याच्या डब्याला ओसरी मिळते.

आणि ही ओसरी कोणाला मिळावी याचाही विचार व्हावा. संध्याकाळी मैदानावर कोण खेळते ते आपण पाहतोच. खेड्यावरून एस.टी.ने येणाऱ्या मुलीला परतीची गाडी गाठायची असते. मैदान मोकळे होईपर्यंत तिचा दिवस संपलेला असतो. घरचा एकुलता एक हेडसेट तिच्या हाती पडण्यापूर्वी भावाच्या, चुलतभावाच्या आणि त्यांच्या मित्रांच्या हातून जाईल, याविषयी कोणाला शंका आहे का? लेडीज रूममध्ये दोन तासांमधल्या मोकळ्या वेळेत पंधरा मिनिटांची हक्काची पाळी असेल तर ती प्रथमच आभासी का होईना, पण हात मोकळे सोडून बॅट फिरवील. पायाने अधू असलेल्या विद्यार्थ्यालाही खुर्चीत बसून खेळता येतील असे खेळ या डब्यात आहेत. मैदानाने ज्यांना बाहेर ठेवले त्यांना आत घेणे, एवढे एक काम या यंत्राने केले तरी त्याची किंमत फिटली असे मी म्हणेन.

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने आणखी एका गोष्टीची आठवण ठेवावी. चाळीसगावचे केकी मूस (१९१२-१९८९) हे छायाचित्रकार जवळजवळ पन्नास वर्षे आपल्या घराबाहेर क्वचितच पडले. पण त्यांच्या 'टेबल-टॉप' छायाचित्रांत निसर्गाची मोठमोठी दृश्ये दिसतात. ती सारी टेबलावर, घरातल्या साध्यासुध्या वस्तू मांडून, प्रकाशाचा खेळ करून उभी केलेली. तेही आभासी वास्तवच होते. फरक इतकाच, की मूस आभास घडवीत होते आणि आपण तो विकत घेण्याच्या गोष्टी करतो आहोत. आजच्या खेळांत मराठी जवळजवळ नाही, आपले गाव नाही, अजिंठ्याचे डोंगर नाहीत, केळीची बाग नाही. ते दुसरे कोणी येऊन घालणार नाही. सामायिक खोलीतल्या त्या डब्याभोवती जमलेल्या शंभर मुलांमुलींपैकी दोघांना जरी "हा खेळ आपण करून पाहू" असे वाटले, तर ती कमाई सात रुपयांच्या हिशेबात मावणारी नाही. घरी एकट्याने खेळणाऱ्यालाही असे वाटू शकेल. पण जेथे बोलायला सोबती असतात तेथे ते वाटणे टिकते.

सारांश असा. ज्याच्याजवळ जागा आहे, पैसा आहे आणि हौस आहे त्याने हेडसेट जरूर घ्यावा. त्याला अडवणारे आपण कोण? परंतु सामान्य खेळाडूने कर्जाने, हप्त्याने किंवा बापाच्या कापसाच्या पट्टीतून तो घेऊ नये. आजच्या घडीला तो घरच्या मालकीच्या किमतीचा नाही. विसाव्या वर्षी चुकलेले खेळ चाळिसाव्या वर्षी खेळता येतील, पण हप्ता चुकला की तो पुढच्या महिन्यात दुप्पट होऊन दारात उभा राहतो. मात्र म्हणून या खेळाकडे पाठ फिरवणे हेही शहाणपणाचे नव्हे, कारण रांगेत उभे राहून पाळीने खेळण्यासाठी तो पुरेपूर किमतीचा आहे.

जिमखान्याच्या पुढच्या सभेत हा विषय मांडला जावा अशी विद्यार्थी प्रतिनिधींना विनंती आहे. जळगावच्या आणि धुळ्याच्या दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून एखादा संच घेऊन आळीपाळीने फिरवला तरी चालेल. टुरिंग टॉकीजच्या मुलखाला ही कल्पना परकी वाटू नये. प्रत्येक पाळीची वहीत नोंद ठेवावी : कोण खेळले, किती वेळ, त्रास झाला का, पुन्हा खेळावेसे वाटले का. वर्षअखेरीस ती वही उघडली, की पैसा वसूल झाला की नाही याचे उत्तर जाहिरात देणार नाही आणि कट्टाही देणार नाही. ज्यांनी सात-सात रुपये मोजले त्यांच्याच अक्षरात ते लिहिलेले असेल.